खाण्याचा सोडा : घरात, गोठ्यात आणि शेतात

शेतकरी मेळाव्यात आणि विद्यापीठाच्या माहिती केंद्रात अलीकडे खाण्याच्या सोड्याविषयी बरेच प्रश्न येतात. भुरीवर सोडा फवारला तर चालतो का? गाभण गाईला सोडा द्यावा का? टोमॅटोच्या बुंध्याशी सोडा टाकला की फळ गोड होते, हे खरे का? मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींनी या प्रश्नांना पाय फुटले आहेत. वस्तू स्वस्त, गावातल्या किराणा दुकानात मिळणारी आणि पोटात गेली तरी बाधत नाही अशी समजूत असलेली. त्यामुळे माप न पाहता ती वापरली जाते.

दोन वर्षांपूर्वी काकडीच्या एका प्लॉटवर गेलो होतो. शेतकऱ्याने भुरी दिसताच पंधरा लिटरच्या पंपात दोन मुठी सोडा टाकून फवारला होता. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या आणि आठवड्यात निम्मा पाला वाळला. "भुरी गेली, पण पानंही गेली," असे ते म्हणाले. दोन मुठींत साधारण अडीचशे ते तीनशे ग्रॅम सोडा बसतो, म्हणजे लिटरला सतरा ते वीस ग्रॅम. यात सोड्याचा दोष नव्हता, मापाचा होता. म्हणून हा पदार्थ काय आहे, कसा तयार होतो आणि कोठे उपयोगी पडतो याची माहिती जरा सविस्तर देत आहे.

सोडा एक नव्हे, तीन

बाजारात सोडा या नावाने तीन वेगळे पदार्थ मिळतात आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो पांढरा, बारीक, किंचित खारट असतो. त्याच्या पाण्यातील द्रावणाचा सामू ८.३ च्या आसपास असतो, म्हणजे तो सौम्य अल्कधर्मी आहे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याच्या द्रावणाचा सामू ११ च्या वर जातो, तो कातडीला झोंबतो आणि खाण्यात वापरता येत नाही. तिसरा कॉस्टिक सोडा. तो साबण कारखान्यात लागतो, डोळ्यांत गेला तर डोळा जाऊ शकतो आणि अंगावर पडला तर मांस भाजते. तिन्ही पांढरे असतात. एकाच फडताळात चिठ्ठी न लावता ठेवलेल्या बरण्या म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. बेकिंग पावडर ही आणखी निराळी. तिच्यात खाण्याचा सोडा, एखादे कोरडे आम्लधर्मी क्षार आणि स्टार्च असते, म्हणून ती सोड्याच्या जागी फवारणीला किंवा जनावरांना वापरू नये.

खाण्याच्या सोड्याचे दोन गुण लक्षात ठेवले की त्याचे बहुतेक उपयोग उलगडतात. पहिला, आम्लाशी संबंध आला की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि आम्ल मारले जाते. चहाच्या एका चमचाभर, म्हणजे सुमारे पाच ग्रॅम सोड्यातून जवळजवळ १.४ लिटर वायू निघतो. दुसरा, तापवला की तो स्वतःच विघटित होतो. ५० अंश सेल्सिअसच्या पुढे हे हळूहळू सुरू होते आणि उष्णता वाढेल तसा वेग वाढतो. वायू आणि वाफ निघून जातात व मागे धुण्याचा सोडा उरतो.

ढोकळ्याच्या पिठात आंबट ताक असते, म्हणून सोडा टाकताच पीठ फुलते आणि चवही बिघडत नाही. भज्यांच्या पिठात आंबट काही नसताना सोडा जास्त पडला, तर तळताना तो धुण्याच्या सोड्यात बदलतो आणि भजी साबणासारखी लागतात, पिवळीतांबूस दिसतात. कारण हेच. सोडा जुना झाला की नाही हे पाहायचे असेल, तर चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळावे. जोराने फसफसला तर चांगला.

निसर्गातील सोडा आणि लोणार

माणसाला सोडा प्रथम मिळाला तो खाऱ्या तळ्यांच्या काठी. इजिप्तमधील वादी नत्रून या खोलगट भागातील तळी उन्हाळ्यात आटली की काठावर सोड्याची खपली धरते. प्राचीन इजिप्तमधील लोक ती काच करण्यासाठी, धुण्यासाठी आणि मृतदेह टिकवण्यासाठी वापरत. केनियातील मगादी सरोवरातून आजही सोडा काढला जातो. अमेरिकेत वायोमिंग राज्यातील ग्रीन रिव्हर भागात जमिनीखाली ट्रोना नावाच्या खनिजाचे जाड थर आहेत आणि तेथे खाणीतून काढलेल्या ट्रोनापासूनच सोडा तयार होतो.

आपल्याकडे असे ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. आजूबाजूचे पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाणी वाफ होऊन उडते आणि क्षार मागे राहतात. त्यामुळे सरोवराच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास पोचतो. पूर्वी काठावर जमणारे हे क्षार गोळा करून विकले जात आणि त्यांना दल्ला, पापडी, भुस्की अशी निरनिराळी नावे होती. ते साबण, काच, पापड यांसाठी जात. आता तो भाग अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, म्हणून तेथून क्षार काढण्याचा प्रश्न उरलेला नाही. परंतु लोणारला जे घडते तेच लहान प्रमाणात आपल्या शेतातही घडू शकते. त्याकडे शेवटी येऊ.

कारखान्यात सोडा कसा बनतो

आज आपल्या देशात वापरला जाणारा बहुतेक सोडा मीठ आणि चुनखडी या दोन साध्या वस्तूंपासून बनतो. फ्रान्समध्ये निकोलस लेब्लाँ यांनी १७९१ मध्ये मिठापासून सोडा करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले होते, पण त्यात गंधकाम्ल लागे आणि धूर व मळी फार होई. बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ मध्ये अमोनियाचा उपयोग करणारी पद्धत पेटंट केली आणि तीच जगभर पसरली.

पद्धत अशी. मिठाचे संपृक्त पाणी घेऊन त्यात अमोनिया वायू मुरवतात. मग उंच मनोऱ्यात वरून हे पाणी आणि खालून कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू चुनखडी भट्टीत भाजून मिळवलेला असतो. मिठातील सोडियम आणि वायूतील बायकार्बोनेट यांची जोडी जमते. हा पदार्थ त्या थंड खाऱ्या पाण्यात कमी विरघळतो, म्हणून पांढऱ्या गाळाच्या रूपाने खाली बसतो. हाच कच्चा बायकार्बोनेट. त्यात अमोनियाचा अंश व वास असल्याने तो खाण्यास योग्य नसतो. तो भाजून त्याचा सोडा अ‍ॅश म्हणजे सोडियम कार्बोनेट करतात. काच, साबण पावडर, कापड यांना लागणारा माल हाच.

खाण्याचा सोडा करण्यासाठी मात्र शुद्ध सोडा अ‍ॅश पुन्हा पाण्यात विरघळवून, गाळून, त्यातून पुन्हा कार्बन डायऑक्साइड सोडतात. हिशेब पाहिला तर १०६ किलो सोडा अ‍ॅश, ४४ किलो वायू आणि १८ किलो पाणी मिळून १६८ किलो खाण्याचा सोडा तयार होतो. स्फटिक वेगळे करून कमी उष्णतेवर वाळवतात, कारण जास्त तापवले तर केलेले काम उलटे होईल.

अमोनिया वाया जात नाही. भाजलेल्या चुनखडीचा चुना मनोऱ्यातून निघालेल्या पाण्यात घातला की अमोनिया पुन्हा मोकळा होतो आणि त्याच कामाला लावला जातो. उरते ते कॅल्शियम क्लोराइडचे पाणी. १०६ किलो सोडा अ‍ॅशमागे १११ किलो कॅल्शियम क्लोराइड तयार होते, त्याला तेवढा उठाव नसतो आणि या धंद्याची खरी डोकेदुखी हीच आहे. काही कारखाने चुना न घालता अमोनियम क्लोराइड वेगळे काढतात आणि ते नत्रयुक्त खत म्हणून विकतात. शुद्ध अमोनियम क्लोराइडमध्ये सुमारे २६ टक्के नत्र असते. चीनमध्ये हौ देबांग यांनी विकसित केलेली ही जोडपद्धत भातशेतीच्या प्रदेशाला सोयीची ठरली. आपल्याकडे तमिळनाडूत तुतिकोरिन येथे असा कारखाना उभा राहिला.

भारतात हा उद्योग सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर का एकवटला, हे आता ध्यानात येईल. तेथे मिठागरे आहेत, पाऊस कमी आहे आणि चुनखडीही जवळ आहे. ध्रांगध्रा येथे संस्थानी काळातच हा उद्योग सुरू झाला होता. मिठापूर येथे कपिलराम वकील यांच्या प्रयत्नांना टाटांची जोड मिळाली आणि १९३९ मध्ये टाटा केमिकल्स स्थापन झाली. अलीकडची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये नॉर्थविच येथे टाटांच्याच कंपनीने २०२२ मध्ये वीजघराच्या धुरातून वर्षाला ४० हजार टनांपर्यंत कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचा खाण्याचा सोडा करणारे संयंत्र सुरू केले. धुरांड्यातून जाणारा वायू औषधी दर्जाच्या सोड्यात जातो, ही कल्पना काही वर्षांपूर्वी कोणी खरी मानली नसती.

घरात आणि उद्योगात

उद्योगात खाण्याचा सोडा बिस्किटे व पाव, आम्लपित्तावरची औषधे, मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या डायलिसिसचे द्रावण, कोरड्या पावडरचे अग्निशामक, कापड व कातडी कमावण्याचे उद्योग यांत जातो. पशुखाद्य हे त्याचे मोठे गिऱ्हाईक आहे.

अग्निशामकाविषयी एक सूचना. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी कधीही टाकू नये. गॅस बंद करून झाकण ठेवावे किंवा मूठमूठ सोडा टाकावा. उष्णतेने सुटणारा वायू आणि सोड्याची भुकटी मिळून ज्वाळा दबते. मात्र कडब्याची गंजी पेटली तर सोड्याचा उपयोग नाही. तेथे आत धुमसणारा निखारा पाण्यानेच विझतो.

ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी खपली जमते, ती आम्लाची असते. केबल सोडून, चमचाभर सोडा पेलाभर पाण्यात मिसळून ब्रशने लावल्यास ती फसफसून सुटते. पाणी झाकणातून बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये, नाहीतर आतले आम्लच मारले जाईल. डाळी, हरभरा, वाटाणा कठीण पाण्यात शिजत नाहीत, तेव्हा चिमूटभर सोड्याने लवकर शिजतात हे खरे. परंतु त्याने ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो, त्यामुळे रोजची सवय लावू नये. आम्लपित्तावर वारंवार सोडा घेणेही बरे नाही. सोड्यात वजनाने २७ टक्के सोडियम असते आणि रक्तदाब असलेल्यांना ते मिठासारखेच अपायकारक आहे.

फळे-भाजी धुण्याबाबत २०१७ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदावर काम झाले. लिटरला १० ग्रॅम सोडा घातलेल्या पाण्यात फळे १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर सालीवरील दोन औषधांचे अवशेष बऱ्याच प्रमाणात निघून गेले, पण सालीच्या आत मुरलेला भाग निघाला नाही. म्हणून फवारणी आणि काढणी यांमधील दिवस पाळण्याला सोडा हा पर्याय होत नाही. गिऱ्हाईक धुऊन घेईल, असा विचार मालकाने करू नये.

गोठ्यातील सोडा

जनावरांसाठी सोड्याचा उपयोग सर्वांत जास्त शास्त्रशुद्ध आहे आणि चुकीचाही तितकाच धोक्याचा आहे. गाई-म्हशीच्या पहिल्या पोटात, म्हणजे रूमेनमध्ये, सूक्ष्म जीव चारा आंबवतात व आम्ले तयार होतात. हे आम्ल मारण्याची सोय निसर्गाने लाळेत केली आहे. चांगली रवंथ करणारी दुभती गाय दिवसाला शंभर लिटरहून अधिक लाळ तयार करते आणि त्या लाळेत किलोभर सोड्याइतके बायकार्बोनेट असते. म्हणजे गाय स्वतःच सोड्याचा कारखाना आहे. तो चालतो चघळण्यावर.

आपण जेव्हा दूध वाढवण्यासाठी भरडा, मका, सरकी पेंड वाढवतो आणि चारा कमी करतो, किंवा कुट्टी पिठासारखी बारीक करतो, तेव्हा चघळणे कमी होते, लाळ घटते आणि आम्ल वाढते. दुधाची फॅट उतरणे, शेण कधी घट्ट तर कधी पातळ होणे, आज खाल्ले उद्या नाही असे खाणे आणि काही महिन्यांनी खूर दुखणे, ही मंद आम्लतेची लक्षणे आहेत. अशा वेळी खुराकाच्या १.५ ते २ टक्के, म्हणजे मोठ्या दुभत्या गाईला दिवसाला साधारण १०० ते २०० ग्रॅम सोडा खुराकात नीट मिसळून, दोन वेळांत विभागून देतात. आंबट मुरघास जास्त खाऊ घालतानाही त्याचा फायदा होतो. परंतु आधी कुट्टीची लांबी वाढवावी आणि कडबा, वैरण पुरेशी द्यावी. चघळण्याने फुकट मिळणाऱ्या किलोभर सोड्याची जागा विकतचा दीडशे ग्रॅम सोडा घेऊ शकत नाही.

गाभण गाईविषयीच्या प्रश्नाचे उत्तर येथेच देतो. विण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत गाईला सोडा देऊ नये. त्या काळात खाद्यातील सोडियम वाढले की हाडांतील कॅल्शियम वेळेवर मोकळे होण्यात अडथळा येतो आणि विल्यानंतर दुग्धज्वराचा धोका वाढतो. दूध चालू झाल्यावर, खुराक वाढवताना सोडा द्यावा.

लग्नसराईत उरलेला भात, पोळ्या, बुंदी गोठ्यात ओतली जाते किंवा दावे सुटलेले जनावर ज्वारीच्या पोत्यापर्यंत पोचते. काही तासांत रवंथ बंद होते, पोट तट्ट होते, आंबट वासाचे पातळ शेण पडते, जनावर झुलते आणि बसकण घेते. ही तीव्र आम्लता असून तिने जनावर दगावते. लगेच खाद्य काढून घ्यावे आणि पशुवैद्यकास बोलवावे. तोपर्यंत सोड्याचे पाणी पाजायचे की नाही आणि किती, हे त्यांना फोनवर विचारूनच ठरवावे. बसलेल्या, मान टाकलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजू नये. ते फुप्फुसात जाते.

याच्या अगदी उलट प्रकार युरियाच्या विषबाधेचा आहे आणि त्यात सोड्याने मरण ओढवते. युरियाचे पोते चाटलेले किंवा युरिया विरघळलेले पाणी प्यालेले जनावर अर्ध्या ते दोन तासांत थरथरते, फेस गाळते, ओरडते, पोट फुगते आणि कोसळते. तेथे पोटात अमोनिया झालेला असतो, म्हणजे अल्क वाढलेले असते. त्यावर आणखी अल्क म्हणजे सोडा घातला तर अमोनिया रक्तात अधिक वेगाने जातो. तेथे उपाय व्हिनेगर आणि भरपूर थंड पाणी हा आहे, तोही पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आणि तातडीने. पोट फुगले की सोडा, अशी जी सरसकट समजूत आहे ती मोडली पाहिजे. कोवळा लसूणघास खाऊन फेसाळ पोटफुगी होते, तिच्यावरही गोडेतेल लागते, सोडा नव्हे. जनावराने काय खाल्ले, हे पाहिल्याशिवाय सोड्याच्या डब्याला हात लावू नये.

दुधात सोडा टाकून आंबटपणा लपवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. हा अन्नसुरक्षा कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो सहज पकडला जातो. संकलन केंद्रावर थोडे दूध, तेवढेच अल्कोहोल आणि रोझॉलिक आम्लाचे काही थेंब मिसळले, की सोडा असलेले दूध गुलाबी लाल होते, शुद्ध दूध तपकिरी राहते. दूध टिकवण्याचा मार्ग स्वच्छ भांडे व लवकर थंड करणे हाच आहे.

कोंबड्यांबाबत थोडक्यात. एप्रिल-मे मध्ये कोंबड्या धापा टाकतात, त्या श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड फार जातो आणि अंड्याच्या कवचाला लागणारे बायकार्बोनेट कमी पडते. कवच पातळ होते. अशा दिवसांत टनभर खाद्यात २ ते ३ किलो सोडा घालतात आणि तेवढ्या सोडियमच्या हिशेबाने मीठ कमी करतात. मीठ कमी न करता सोडा वाढवला तर विष्ठा पातळ होते व गादी ओली होते.

भुरीवर सोडा

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गुलाबावर केलेले काम १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात अर्धा टक्का सोडा आणि एक टक्का बागायती तेल यांच्या फवारणीने भुरी आणि काळा करपा आटोक्यात आल्याचे दिसले. जपानने २००३ मध्ये सोड्याला विशेष नोंदणीशिवाय वापरता येणाऱ्या साध्या औषधांत घेतले आणि युरोपीय संघाने २०१५ मध्ये मूलभूत पदार्थ म्हणून मान्यता दिली. म्हणजे ही ऐकीव गोष्ट नाही.

भुरीची बुरशी पानाच्या पृष्ठभागावर वाढते. सोड्याने तेथील सामू चढतो, बुरशीचे तंतू सुकतात आणि बीजाणू रुजत नाहीत. केवडा किंवा पानाच्या आत वाढणाऱ्या रोगांवर याचा भरवसा धरू नये. भुरीवरही सोडा हा प्रतिबंधक आहे. पहिले पांढरे ठिपके दिसताच किंवा त्याआधी फवारला तरच उपयोग होतो, आणि पाऊस पडला की धुऊन जातो.

परसबागेतील काकडी, भोपळा, दोडका, गुलाब यांसाठी लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम सोडा वजन करून घ्यावा. पाने ओली होण्यासाठी थोडे चिकट द्रव्य किंवा बागायती तेल घालावे. प्रथम चार-पाच वेलांवर फवारून दोन-तीन दिवस वाट पाहावी. भर उन्हात, ३० अंशांच्या वर तापमान असताना आणि पाण्याचा ताण पडलेल्या पिकावर फवारू नये. आम्लधर्मी विद्राव्य खते, फॉस्फरिक आम्ल, कॅल्शियम नायट्रेट, बोर्डो मिश्रण यांच्यासोबत सोडा मिसळू नये. आम्लाशी तो फसफसून संपतो आणि कॅल्शियमशी चुनखडीचा साका धरून नोझल बंद पाडतो. परदेशात व्यापारी पिकांवर सोडियमऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट पसंत करतात, कारण त्यातून सोडियम जात नाही आणि पालाश मिळतो. द्राक्षबागायतदारांनी मात्र आपल्या मनाने काही फवारू नये. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्या हंगामाची यादी पाहूनच औषध निवडावे.

बेदाण्याच्या बाबतीतही सोड्याची गल्लत होते. द्राक्षे बुडवण्याच्या द्रावणात लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल असते. मण्यावरचा मेणाचा थर मोडण्यासाठी ११ च्या आसपास सामू लागतो. खाण्याचा सोडा तेथवर पोचत नाही, म्हणून त्याने बेदाणा लवकर वाळत नाही.

टोमॅटोच्या बुंध्याशी सोडा टाकल्याने फळ गोड होत नाही. गोडी वाणावर, पानांच्या आरोग्यावर, पालाशावर आणि काढणीच्या अवस्थेवर ठरते. बुंध्याशी पडते ते फक्त सोडियम.

विहिरीतून येणारा सोडा

आता मुख्य मुद्दा. एकरी २०० लिटर पाण्यातून लिटरला ५ ग्रॅमप्रमाणे फवारणी केली तर एक किलो सोडा, म्हणजे सुमारे २७५ ग्रॅम सोडियम एकरात जाते. दोन-चार फवारण्यांनी जमीन बिघडणार नाही. परंतु अनेक शेतकरी नकळत याच्या शेकडो पट सोडा शेताला देत असतात, आणि तो येतो विहिरीच्या पाण्यातून.

विहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या मानाने बायकार्बोनेट जास्त असेल, तर जास्तीचा भाग सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे हाच खाण्याचा सोडा असतो. तपासणी अहवालात हे उर्वरित सोडियम कार्बोनेट किंवा आर.एस.सी. या नावाने लिहिलेले असते. ते लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत असेल तर पाणी चालते, १.२५ ते २.५ असेल तर सावधगिरीने वापरावे आणि २.५ च्या वर असेल तर ते ओलितास अयोग्य धरतात. समजा आपल्या पाण्याचे आर.एस.सी. ५ आहे. असे पाणी लिटरमागे ०.४२ ग्रॅम सोडा वाहून आणते. एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर पाणी. त्यातून एका पाळीत ८४ किलो सोडा जमिनीत जातो. गव्हाला सहा पाळ्या दिल्या तर पाच क्विंटल. हे पाणी प्यायला खारट लागेलच असे नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

जमिनीत पाणी सुकते तसे बायकार्बोनेट तेथील कॅल्शियमला धरून त्याची चुनखडी करते. ठिबकच्या तोट्यांत पांढरा थर जमतो आणि आम्ल टाकताच फसफसतो, तो हाच प्रकार. कॅल्शियम असे अडकले की चिकणमातीच्या कणांवर सोडियम बसते. कण एकमेकांपासून सुटतात, छिद्रे बुजतात, पाणी वर साचून राहते, सुकल्यावर जमीन दगडासारखी होते. सामू ८.५ च्या वर जातो, जस्त व लोह पिकाला मिळेनासे होते. हीच चोपण जमीन. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हे नैसर्गिकरीत्याच घडलेले आहे. तेथील शेतकऱ्याला विहीर असून ओलीत करता येत नाही, याचे दुःख वेगळे सांगायला नको. इतरत्र, जेथे आज जमीन चांगली आहे, तेथे ते आपल्या हाताने घडवू नये एवढे तरी आपल्या हातात आहे.

यावर उपाय जिप्समचा. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवते आणि सोडियम सल्फेटच्या रूपाने ते निचऱ्यावाटे जाऊ शकते. आर.एस.सी. एका एककाने उतरवायला दोन लाख लिटर पाण्यामागे सुमारे १७ किलो शुद्ध जिप्सम लागते. म्हणजे ५ वरून २.५ वर आणण्यासाठी एका पाळीला ४३ किलो, आणि बाजारचे जिप्सम ७५ टक्के शुद्धतेचे धरले तर ५७ किलो. ते बारीक करून जमिनीत मिसळावे किंवा पाण्याच्या दांडात पोत्यांत ठेवून त्यावरून पाणी सोडावे. पण निचरा नसेल तर जिप्समचा पैसा वाया जातो, म्हणून चर आधी, जिप्सम नंतर. चांगले कालव्याचे किंवा शेततळ्याचे पाणी असेल तर ते विहिरीच्या पाण्यात मिसळून किंवा आलटून पालटून द्यावे. हिरवळीसाठी धैंचा घ्यावा, तो चोपण जमीन सोसतो. जमिनीत पुष्कळ चुनखडी असेल तर गंधकाचाही उपयोग होतो, पण ते माती परीक्षणानंतरच ठरवावे.

पाण्याचा नमुना घेणे अवघड नाही. पंप पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. औषधाची नव्हे, स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली त्याच पाण्याने तीन-चार वेळा विसळावी, काठोकाठ भरून घट्ट झाकण लावावे. हवा राहिली तर वायू सुटून बायकार्बोनेटचा आकडा बदलतो. बाटलीवर नाव, गट नंबर, विहीर की बोअर, खोली आणि तारीख लिहून ती दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोचवावी. नमुना उन्हाळ्यात, एप्रिल-मे मध्ये एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा घ्यावा. उन्हाळ्यातला आकडा नेहमी वाईट येतो, आणि पिकाला पाणी द्यायचे की नाही हे त्या आकड्यावरच ठरवावे लागते.